वाचून दाखवा जरा

"ताई, मी सगळ्यांना विचारत सुटते, अगदी अनोळखी माणसांनासुद्धा. मला स्वतःला काही ठरवताच येत नाही का हो?"

ही काळजी घेऊन माझ्याकडे बऱ्याच जणी येतात, त्यातही नव्या आया जास्त. ही बाई इंदूरचीच, सुदामानगरकडची. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मांडीवर सहा आठवड्यांची मुलगी, बारसं अजून व्हायचं होतं. मोठा मुलगा तिसरीत. लसीच्या रांगेत शेजारच्या बाईला हिने विचारलं, "ऋजुता नाम कैसा लगता है?" छप्पन दुकानावर पोहे खाताना एका काकांना विचारलं. खजूरी बाजारात मुलाच्या वाचनाच्या तासासाठी पुस्तक घ्यायला गेली, तर दुकानात उभ्या असलेल्या तीन पालकांना विचारलं. एक म्हणाले इंग्रजीच द्या. दुसऱ्या म्हणाल्या, हिंदी कच्चं राहील. तिसऱ्यांनी सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. ते हिने घेतलं, मुलाने उघडलंही नाही. नवरा म्हणाला, "आता रिक्षावाला तेवढा राहिलाय."

बाळंतिणीला काही ठरवता येत नसेल, तर मी आधी वेगळंच तपासते. बाळंतपणानंतरच्या नैराश्यातही असं होतं. म्हणून एडिंबरा प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारले, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं याबद्दलचे. त्यात काळजीसारखं काही निघालं नाही. झोप अर्धी होती, पण ती लेकीने पळवलेली.

मग मी चुकले. "आठवडाभर कुणालाही विचारायचं नाही," असं सांगून मोकळी झाले. पुढच्या खेपेला ती खाली मान घालून आली. दोन दिवसही निभलं नव्हतं. तेव्हा कुठे मला विचारायचं सुचलं, की अनोळखीच माणसं का? आई आहे, सासूबाई आहेत, नणंद आहे.

"घरचे सगळे मराठी आहेत ना, ताई."

मोठ्या मुलाचं नाव 'ज्ञ'वरून आहे. पूर्ण सांगत नाही. आपण 'ज्ञ' म्हणताना 'द्न्य' म्हणतो, शाळेतल्या मॅडम 'ग्य'. दोघंही आपापल्या भाषेत बरोबर. पण पहिलीत हजेरीच्या वेळी हा पठ्ठ्या कितीतरी दिवस गप्प बसून राहिला. त्याला वाटायचं, दुसऱ्याच कुणाला हाक मारतायत. आता तो स्वतःच नाव 'ग्य'ने सांगतो आणि आजीचा पारा चढतो. हे हिच्या मनात रुतून बसलं होतं. लेकीला उठता-बसता हाका मारणार इंदूरची माणसं, मग त्यांना विचारायला नको?

यात वावगं काय, ते मला सांगता येईना. गडबड होती ती प्रश्नात. 'कसं वाटतं?' म्हटलं की समोरचा आपली आवड सांगतो, नाहीतर मावशीच्या सुनेची गोष्ट. त्याला जे नक्की ठाऊक असतं, म्हणजे आपल्या जिभेवर हे नाव कसं बसतं, ते राहूनच जातं.

म्हणून चिठ्ठ्या केल्या. एकेक नाव देवनागरीत लिहायचं, समोर धरायचं आणि एवढंच म्हणायचं, "जरा पढ़ दीजिए." ऋजुताची रिजुता झाली, मृण्मयीची म्रिण्मयी. जुईचा ज 'जुन्या'तला न राहता 'जिवा'तला झाला. ईरा तेवढी जशीच्या तशी परत आली. ती हसत सांगत होती, "रिजुता मी खपवून घेईन, पण म्रिण्मयी नाही हं." काही ठरवता येत नाही म्हणून आलेली बाई ही!

सासूबाईंचा हट्ट निराळा होता. आर्द्रा नक्षत्र, म्हणून अक्षर कु, घ, ङ किंवा छ. (ङवरून नाव काढून दाखवा म्हणावं पंचांगवाल्यांना.) त्यावर आपल्याकडचा जुना तोडगा आहेच: राशीचं नाव पाळण्यात, चालू नाव वेगळं. दाखल्याचीही तिने धास्ती घेतली होती. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, ती दिलेली होती. नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नाव १२ महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. तेव्हा उशीर झाला तरी बेहत्तर, स्पेलिंग एकदाच आणि नीट.

पुस्तकाचंही तेच. सगळ्यांना विचारलं, वाचणाऱ्याला सोडून. मी म्हटलं, त्याच्यापुढे एक पान ठेवा आणि मोठ्याने वाचू द्या. अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. पानभरात पाचही मिटली, तर ते पुस्तक सध्या तुम्ही त्याला वाचून दाखवायचं. दोन-तीन मिटली तर त्याच्या हाती द्यायचं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत. म्हणजे पैसे घालण्याआधीच कळतं. या मुलाला देवनागरी हिंदीमुळे येतेच, मराठी कानावरून येते. त्यामुळे बोटं कमी मिटली, पण घोटाळे वेगळेच झाले. गोष्टीत चोराला शिक्षा झाली, तर याला वाटलं राजाने त्याला शाळेत घातलं. मला ती गोष्ट तशीच जास्त आवडली.

तिसऱ्या भेटीला मुलगाही आला होता. आईने पिशवीतून डायरी काढेपर्यंत त्याने एक चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "वाचून दाखवा जरा."

सकाळपासून चार जणांशी हिंदीतच बोलले होते. तोंडातून गेलं, "रिजुता."

"रु," तो म्हणाला, आणि त्याने माझं एक बोट मिटलं.