कॅरिबियन समुद्रातील बृहद् अँटिलीस बेटांवरील ट्रीहॉपर या झाडांचा रस शोषणाऱ्या छोट्या कीटकाची जाती केवळ शिंगावरून ओळखता येते का?

नाही, शिंगावरून फार तर अंदाज बांधता येतो, जाती निश्चित होत नाही. हे शिंग म्हणजे प्रोनोटमचा, अर्थात डोक्यामागील ढालीचा, वाढलेला भाग असून अनेक जातींत नर आणि मादी यांच्यात त्याचा आकार वेगळा असतो, त्यामुळे एकाच जातीला दोन नावे पडण्याचा धोका राहतो. प्रथम भिंगाखाली ढालीच्या मागचा स्कुटेलम हा त्रिकोणी तुकडा पाहावा. तो उघडा दिसत असेल, तर कीटक बहुधा सेंट्रोटिने उपकुळातील असतो, आणि याच उपकुळातील नेसोऱ्हायनिनी हा गट क्युबा, हिस्पॅनिओला, पोर्तो रिको अशा बेटांचे खास वैशिष्ट्य आहे. लुईस डाइट्झ यांनी १९७५ मध्ये अमेरिका खंडांतील ट्रीहॉपरचे वर्गीकरण मांडताना पंखांच्या शिरा आणि नडगीवरील राठ केसांच्या ओळी यांवर भर दिला, तो आजही उपयोगी पडतो. जातीच्या वर्णनासाठी मात्र नराचे पोट पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करून जननांग ग्लिसरीनमध्ये तपासणे जवळजवळ अपरिहार्य ठरते. अर्थात, हे सारे प्रौढ कीटकांपुरते खरे आहे. पिल्लांना ही ढाल पूर्ण वाढलेली नसते.