मोठा बगळा आणि मध्यम बगळा पावसाळ्यात वेगळे कसे ओळखावेत?

एरवी पिवळी असणारी चोच विणीच्या हंगामात या दोघांचीही काळी होते, म्हणून पावसाळ्यात चोचीच्या रंगावर विसंबू नये. दुर्बीण बगळ्याच्या डोळ्याजवळ रोखावी: तोंडाची चीर मोठ्या बगळ्यात डोळ्याच्याही मागे गेलेली दिसते, तर मध्यम बगळ्यात ती डोळ्याखालीच संपते, आणि ही खूण बाराही महिने बदलत नाही. विणीच्या काळातली तलम, लांब पिसे मोठ्या बगळ्याच्या केवळ पाठीवर असतात. मध्यम बगळ्याच्या मात्र छातीवरही लोंबतात. आकारावरून ठरवायचे तर दोघे शेजारी उभे हवेत, आणि तेवढे सौजन्य ते क्वचितच दाखवतात. लहान बगळ्याची चोच वर्षभर काळीच असते, पण चिखलातून पाय उचलताच त्याची पिवळी बोटे दिसतात.