आई दवाखान्यातून आली आणि बसूनच राहिली

प्रश्न: माझी आई ७६ वर्षांची आहे, दोन महिन्यांपूर्वीपर्यंत एकटी जाऊन भाजी आणायची. मग न्यूमोनिया झाला, आठ दिवस ॲडमिट होती, आणि घरी आली तर खुर्चीतून उठायला पण हात द्यावा लागतो, अंघोळ मी घालते. नातेवाईक म्हणतात वय झालं, आता असंच चालायचं. खरंच काही होणार नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, नातेवाईकांचं हे ऐकून गप्प बसू नका. अमेरिकेत येल विद्यापीठात डॉ. थॉमस गिल आहेत, त्यांनी सगळी कारकीर्द तुमच्या ह्याच प्रश्नावर घातलीय. १९९८ मध्ये त्यांनी न्यू हेवन भागातले सत्तरी ओलांडलेले ७५४ लोक अभ्यासाला घेतले, तेव्हा सगळे स्वतःचं स्वतः करणारे, आणि दर महिन्याला फोन करून विचारायचं की अंघोळ, कपडे घालणं, घरात चालणं, खुर्चीतून उठणं, ह्यात कुणाची मदत लागते का. दर महिन्याला का, तर वर्षादोन वर्षांनी विचारलं की मधे माणूस अडला आणि परत सावरला हे कळतच नाही! आणि हे फोन वर्षानुवर्षं चालू ठेवले, मला तर ह्या चिकाटीचंच फार अप्रूप वाटतं.

त्यातून दिसलं की हे परावलंबन म्हणजे एकदा आलं की कायमचं असं नसतं, ते येतं आणि जातं पण. २००४ मध्ये डॉ. सुझन हार्डींबरोबर त्यांनी छापलं की ज्यांना मदत लागायला लागली त्यातले ८१ टक्के लोक वर्षभरात परत आपलं आपण करायला लागले. सगळ्यांचं ते टिकलं नाही हेही खरं, म्हणून त्यांच्याकडे पुढेही लक्ष ठेवावं लागतं. आणि अडायला निमित्त बरेचदा दवाखान्यातले दिवसच असतात, तुमच्या आईचं झालं तसंच.

२००२ चा त्यांचा अजून एक प्रयोग आहे, ७५ च्या पुढच्या १८८ अशक्त लोकांवरचा. त्यातल्या निम्म्यांकडे फिजिओथेरपिस्ट घरी जाऊन सहा महिने तोल, पायातली ताकद, उठबस ह्यावर काम करून घ्यायचे. मध्यम अशक्त होते त्यांना फायदा झाला, फारच खंगलेल्यांना नाही झाला, म्हणून मी म्हणते उशीर करू नका, ह्याच आठवड्यात फिजिओला घरी बोलवा. डॉक्टरांना विचारून सगळी औषधं एकदा बघून घ्या, उभं राहिल्यावर बीपी पडतंय का तेही. बाथरूममध्ये न घसरणारं स्टूल आणि भिंतीला धरायला दांडा लावा, तुम्ही जवळ उभ्या रहा पण तांब्या त्यांच्याच हातात द्या, वेळ लागला तर लागू दे.