पाळीची नोकरी आणि मधुमेह प्रतिबंधाचे वर्ग

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून कळव्यात राहते आणि महापे एमआयडीसीत पाळीने काम करते. तपासणीत मधुमेहपूर्व अवस्था (साखर वाढलेली, पण मधुमेहाइतकी नाही) आढळली. आहार-व्यायामाचा वर्ग सकाळी सातला ठाण्यातील तलावपाळीजवळ भरतो. तेथे बहुतेक निवृत्त मंडळी असतात. मला त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम ही उद्दिष्टे दिलेल्या गटात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी घटले. स्त्री-पुरुषांना लाभ जवळपास सारखाच झाला. भारतातील २००६ च्या चाचणीत मात्र ही घट २८.५ टक्केच होती, तीही वजन फारसे कमी न होता. पुढे चेन्नईतील आणखी एका चाचणीत, केवळ उपाशीपोटीची साखर वाढलेल्यांना लाभ कमी दिसला. म्हणून आपली कोणती साखर वाढली आहे, उपाशीपोटीची की ग्लुकोज प्यायल्यानंतरची, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मला खरी अडचण वेळेची वाटते. रात्रपाळीत दोनच्या सुमारास चहासोबत खारी खाऊन सकाळी घरी परतणाऱ्या बाईला सातचा वर्ग जमणे कठीण, आणि यात दोष तिचा नाही. संचालकांकडे संध्याकाळच्या तुकडीची मागणी जरूर करावी. तोवर रात्रपाळीच्या डब्यात खारीऐवजी भाजलेले चणे न्यावेत आणि कामावर निघण्यापूर्वी अर्धा तास भरभर चालावे.