कडवं गाळू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. उत्तर मेसेजमध्ये मावणार नाही, म्हणून हे पत्र.

तू विचारतेस, तीस वर्षांहून जास्त काळ ऑस्ट्रेलियात ‘ट्रीटी’, म्हणजे ‘तह’, हे गाणं वाजतंय, तरी सरकारचा मूळ रहिवाशांशी देशपातळीवर तह काही झाला नाही. 2023 च्या सार्वमतात, त्यांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारा सल्लागार मंच राज्यघटनेत आणायलाही साठ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. मग गाण्यांनी मिळवलं काय? आणि पुढच्याच ओळीत सांगतेस, की इथल्या मराठी मंडळाच्या 26 जानेवारीच्या कार्यक्रमात त्याच गाण्याचा डान्स रिमिक्स लावायचाय, कारण समितीला ‘राजकारण नको’. अगं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच त्या ओळीत आहे.

ते गाणं आलं कुठून? जून 1988 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या बरुंगाला पंतप्रधान बॉब हॉक यांच्या हाती एक निवेदन दिलं गेलं. मधे मागण्या, भोवती मूळ रहिवाशांनी रंगवलेली कुळांची चित्रं. हॉक यांनी तहाचा शब्द दिला. पाळला नाही. निवेदन देणाऱ्यांत गलारवुय युनुपिंगू होते. त्यांचा धाकटा भाऊ मंदावुय आणि त्याचा ‘योथु यिंडी’ बँड यांनी 1991 मध्ये त्याच शब्दाचा जाब विचारला: रेडिओवर ऐकलं, टीव्हीवर पाहिलं, पण वचनं वाळूवरच्या अक्षरांसारखी पुसली जातात. ते गाणं फारसं चाललं नाही. मग मेलबर्नमध्ये रिमिक्स झाला, त्यात इंग्रजी कडव्यांतला बराचसा जाब गळाला, आणि सगळा ऑस्ट्रेलिया त्यावर नाचला. तू तोच लावणार आहेस.

कडवं गाळू नकोस. गाण्यातून मागणी काढलीस, की मग ‘गाण्याने काय झालं’ हे विचारायचा हक्क आपल्याला उरत नाही.

मंदावुयच्या योलंगू लोकांत गाण्याचं वजन काय आहे, ते समजून घे. त्यांच्या ‘मनिकाय’ गाण्यांत जागांची, पाण्याची, पूर्वज जिथून गेले त्या वाटांची नावं येतात. कुठलं गाणं कोणत्या कुळाने म्हणायचं, तेही ठरलेलं. आपल्याकडे सातबारा, त्यांच्याकडे गाणं. 1963 मध्ये यिर्कलाच्या योलंगूंनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध झाडाच्या सालीवर लावलेले अर्ज संसदेत पाठवले, पुढे कोर्टात गेले, आणि 1971 मध्ये हरले. न्यायाधीशांनी त्यांच्याकडे कायदा आहे हे मान्य केलं, जमिनीची मालकी मात्र मानली नाही. 1976 मध्ये जमीन हक्काचा कायदा आला, तेव्हा दाव्यांच्या सुनावणीत बाया-बाप्यांनी आपल्या जमिनीची गाणी अधिकाऱ्यांसमोर म्हणून दाखवली, नाचून दाखवली. तिथे गाणं पुरावा होतं. पुराव्यातली ओळ कुणी खोडतं का?

आणि कीबोर्डमधला तो डिजरिडूचा, त्यांच्या लांब लाकडी फुंकवाद्याचा, आवाज काढून टाक. सजावटीचं वाद्य नाही ते.

आर्ची रोच ऐक, मूळ रहिवाशांतलाच गायक. नीट बसून, हेडफोन लावून ऐक. सरकार तेव्हा मूळ रहिवाशांची मुलं घरातून काढून नेत असे; लहान असतानाच त्यालाही व्हिक्टोरियातल्या फ्रॅमलिंगहॅममधून आईबापांपासून उचलून नेलं. मुलं कशी नेली ते त्याने साध्या गिटारवर सांगितलं, 1990 च्या पहिल्या अल्बममध्ये. त्या मुलांवरचा सरकारी चौकशीचा अहवाल आला 1997 मध्ये, आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली 2008 मध्ये. आधी कोण बोललं, ते तूच बघ. गाण्याने माफी आणली असं मी म्हणत नाही. रस्त्यावर उतरलेल्या, कोर्टात झगडलेल्या माणसांनी आणली. पण त्यांची मागणी लोकांच्या घराघरांत गाण्याने पोचवली, आणि पोचली ती अख्खी पोचली, कारण कुणी तिच्यातलं काही कापलं नव्हतं.

मला हेकट म्हणतात, ठाऊक आहे. एका मंडळात अशाच कार्यक्रमाआधी मी अर्थ सांगायला दोन मिनिटं मागितली, आणि पुढे मला बोलावणं थांबलं. जुनी माणसं दुरावली. त्याचं वाईट अजून वाटतं. तरी तिथे मी गप्प बसायला हवं होतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत बाबासाहेब जलशांतून पोचले. वामनदादा कर्डकांच्या गाण्यातून बाबासाहेबांचं म्हणणं काढून नुसती चाल वाजवली, तर आपण ऐकून घेऊ का? मग दुसऱ्यांच्या गाण्याचं तसं केलेलं का चालावं?

त्यात तारीख 26 जानेवारी. आपला प्रजासत्ताक दिन, झेंडावंदन होणारच, व्हायलाच हवं. पण ज्या मातीवर तो झेंडा लागणार, तिथल्या मूळ लोकांनी 1938 मध्ये सिडनीत हाच दिवस, इंग्रज तिथे वस्तीला उतरले तो, शोकदिन म्हणून पाळला होता, आणि आजही ते या दिवशी मोर्चे काढतात. हे समितीतल्या किती जणांना माहीत आहे? तू सांगितलंस का त्यांना?

तेव्हा मूळ गाणं लाव, पूर्ण लाव. योलंगू भाषेतला भाग आपण म्हणायचा नाही, त्यांच्याच आवाजात वाजू दे. आधी बरुंगाची हकीकत सांग, मराठीत, न घाबरता. समिती अडून बसली तर अध्यक्षांना माझा नंबर दे, मी बोलतो. कापलेलंच वाजणार असेल तर माझी खुर्ची धरू नकोस.

तुझा,
काका