धुळ्यात बांधकामाचे छोटे ठेके घेतो, मजुरांचा विमा काढलेला आहे. तरी लायबिलिटी पॉलिसी लागते का?

दादा, एमआयडीसीतल्या कंपनीने वर्क ऑर्डरसोबत पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी, म्हणजे आपल्या कामामुळे बाहेरच्या माणसाचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, मागितली, आजवर काही झालं नाही मग हा खर्च कशाला, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर एवढंच, की कंपनीने मागितली नसती तरी घ्या. गाडीच्या थर्ड पार्टी विम्यासारखी कायद्याची सक्ती इथे नाही, म्हणून आपल्यातले बहुतेक ठेकेदार घेत नाहीत. मीही घेतली नव्हती.

मजुरांची पॉलिसी वेगळी. आपला माणूस परांचीवरून पडला तर त्याची भरपाई 1923 च्या कायद्यापासून मालकाच्या अंगावर आहे, आणि ती पॉलिसी तेवढ्यापुरतीच. सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅब टाकताना खालून लावायची, प्लेट सुटून रस्त्याने जाणाऱ्या पोराला लागली, तर ते पोर काही तुमचं मजूर नव्हे. तिथे ती पॉलिसी एक रुपया देणार नाही.

माझ्यावर वेळ आली ती अमळनेरच्या एका जुन्या गल्लीत. शेजारी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, मातीची जाडजूड भिंत, आणि तिला लागूनच आमच्या पायाचा सहा फुटी चर. एका दमात सगळं खणू नये हे मला कळत होतं. मुकादम म्हणाला, "काही व्हत नही भो," आणि जेसीबीचं भाडं वाचेल म्हणून मी मान डोलावली. चूक माझीच. त्या रात्री मृगाचा पाऊस झाला. आपली काळी माती कशी आहे तुम्हाला माहीत आहे, पाणी प्याली की फुगते आणि सुटते. पहाटे भिंत चरात आली. ओसरीवर झोपलेल्या आजींचा पाय मोडला. दवाखाना, भिंत, वरचं धाबं आणि त्या कुटुंबाचं भाड्याचं घर धरून चार लाखांच्या वर गेले. त्या कामात मला साठ-सत्तर हजार सुटणार होते. निम्म्या सेंट्रिंग प्लेटा विकल्या, पुढची दोन वर्षं भाड्याच्या प्लेटांवर स्लॅब टाकले.

आता पॉलिसीचं. वर्षभराच्या सगळ्या कामांसाठी पब्लिक लायबिलिटी मिळते. एकाच कामापुरती हवी असेल तर कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, तिच्या दुसऱ्या भागात बाहेरच्या माणसाचं नुकसान येतं. पण माझ्यासारखी भिंत पडली तर साधी पॉलिसी बहुधा हात वर करेल. खोदकामाच्या हादऱ्याने किंवा आधार निघाल्याने शेजारचं बांधकाम पडलं, तर त्यासाठी 'व्हायब्रेशन, रिमूव्हल ऑर वीकनिंग ऑफ सपोर्ट' हे कलम जादा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. त्यातही ते घर आधी सुस्थितीत होतं हे दाखवावं लागतं, आणि नुसत्या वरवरच्या भेगांचे पैसे मिळत नाहीत. आपल्या जुन्या गावठाणांत काम करणाऱ्याने हे कलम सोडूच नये. कारखान्याच्या आवारात काम असेल तर जमिनीखालच्या केबल-पाइपांचं आणि कंपनीच्याच आजूबाजूच्या मालमत्तेचं काय, हेही लेखी विचारा.

स्वतःचं वाईट काम पुन्हा करायचा खर्च यात येत नाही, दंडही नाही. आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे पॉलिसी कामाची नाही.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास घडते. भिंत पडली की तासाभरात गल्लीत बैठक बसते, चार जाणती माणसं म्हणतात, "सगळा खर्च तू दे." मी तेव्हा होकार दिला आणि त्याचा मला पस्तावा नाही. पण पॉलिसी असताना विमा कंपनीला न विचारता असा शब्द दिलात, तर त्याच कारणाने दावा अडू शकतो. जखमी माणसाला आधी दवाखान्यात न्या, त्यासाठी कुणाची वाट पाहू नका. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा, आणि बैठकीत सांगा की नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत आकडा बोलता येणार नाही.

तुमची वर्क ऑर्डरही नीट वाचा. चूक कुणाचीही असो, नुकसान ठेकेदारच भरेल, असं वाक्य त्यात असेल तर सहीआधी बदलून घ्या. कायद्यापलीकडे तुम्ही अंगावर घेतलेली जबाबदारी साधारणपणे पॉलिसी उचलत नाही. पॉलिसीवर एका अपघाताची आणि पूर्ण वर्षाची अशा दोन मर्यादा असतात, दोन्ही बघा. प्रत्येक दाव्यात पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार तेही बघा.

एजंटकडे जाताना वर्क ऑर्डर आणि जागेचे फोटो न्या. नुसतं 'बांधकाम' लिहू देऊ नका. किती फूट खणणार, शेजारची भिंत किती अंतरावर आहे आणि ती मातीची आहे की विटांची, हे अर्जावरच लिहायला लावा. आणि जेसीबी लावायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला सोबत घेऊन त्या भिंतीचे तारखेसह फोटो काढा.