एन-लिस्टचा पासवर्ड चालत नाही: तोंडी विचारत बसू नका, आवक नंबर घ्या

तुम्ही लिहिलंय की एमए इकॉनॉमिक्सचं डिझर्टेशन चालू आहे, ग्रंथालयातून मिळालेला एन-लिस्टचा (कॉलेजांना जर्नल्स आणि पुस्तकं ऑनलाइन वाचायला देणारी सेवा) पासवर्ड घरून चालत नाही, पेपर उघडायला गेलं की चाळीसेक डॉलर मागतात आणि कॉलेजात विचारलं की "सर्व्हर डाऊन असेल" म्हणतात. वाचून पोटात गोळा आला, माझ्या एमएच्या वेळी अगदी हेच झालं होतं.

ब्राउझर बदलणं, पासवर्ड रिसेट करणं तुम्ही केलंच असणार, त्यात जात नाही. मुळात तुमचं खातं इन्फ्लिबनेट, म्हणजे एन-लिस्ट चालवणारी गांधीनगरची संस्था, स्वतःहून उघडत नाही. कॉलेजने दरवर्षी फी भरून सभासदत्व चालू ठेवायचं आणि कॉलेजने नेमलेल्या माणसाने मुलांची नावं आणि ईमेल चढवायचे. यातलं काहीही राहिलं तरी तुम्हाला दिसतं एवढंच की लॉगिन होत नाही. गांधीनगरला बहुतेक वेळा सगळं सुरळीत असतं, अडलेलं असतं कॉलेजमधल्या टेबलावर.

आमच्याकडे ग्रंथपालाचं पद रिकामं होतं, चार्ज दुसऱ्या विषयाच्या एका सरांकडे, ते रिटायर झाले आणि अॅडमिनचं खातं त्यांच्या स्वतःच्या ईमेलवरच राहिलं. ऑफिस म्हणायचं ग्रंथालयात जा, ग्रंथालय म्हणायचं कॉम्प्युटर लॅबला विचारा, लॅबवाले परत ऑफिसकडे पाठवायचे, सगळं तोंडी, कुणाच्या नावावर काही नाही. मी ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर लिहीत होतो, पूर्वसंशोधनाचा आख्खा चॅप्टर नुसते गोषवारे वाचून लिहावा लागला, आणि व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी त्यातल्याच एका पेपरची सॅम्पलिंगची पद्धत विचारली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. दरवर्षी ग्रंथालय शुल्क भरत होतो हो आम्ही! अजून राग येतो.

म्हणून सांगतो, प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. यावर्षीचं सभासदत्व चालू आहे का, अॅडमिन कोण आहे, माझा ईमेल कधी चढवला, एवढंच विचारा. आवक नंबर घ्या, शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा, एक प्रत गाइडना द्या. कागद आत गेला की कुणालातरी त्यावर शेरा मारावाच लागतो. हे माझं मत, सगळी कॉलेजं सारखी नसतात, स्वतः फोन करून मुलांना लॉगिन करून देणारे ग्रंथपालही मी पाहिलेत, तसे असतील तर अर्जाआधी त्यांनाच भेटा.

१ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही जर्नल्स वाचायला देणारी केंद्र सरकारची योजना सुरू झालीय, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, त्यामुळे आपलं कॉलेज तिच्यात असेलच असं धरून चालू नका, यादीत नाव आहे का हेही त्याच अर्जात विचारा. नाव असेल तर घरून बघताना प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत लॉगिनचा पर्याय असतो तिथून जायचं, थेट पेपरच्या लिंकवर क्लिक केलं की पैसेच मागणार.

तोपर्यंत थांबू नका. जेस्टोर या जर्नल्सच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं काढलं की महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. गुगल स्कॉलरमध्ये लेखाखाली 'ऑल व्हर्जन्स' असतं तिथे बऱ्याचदा लेखकाने टाकलेली पीडीएफ सापडते, नाहीतर सरळ लेखकाला मेल करा, लोक पाठवतात. शोधगंगा, म्हणजे पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह, तर सगळ्यांना खुली आहे, तुमच्या विषयावरचा जुना पीएचडी प्रबंध काढून त्याची संदर्भसूची आधी वाचा, माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. जुने सरकारी अहवाल लागले तर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह बघा.

आणि पासवर्ड चालू झाला की हावरटासारखं एका बसणीत आख्ख्या जर्नलचे अंक उतरवून घेऊ नका. असं दिसलं की प्रकाशक अॅक्सेस बंद करतात, आणि तो कधीकधी सगळ्या कॉलेजचा बंद होतो.